पुरातत्त्व पाककला व हस्तकला स्पर्धा

उत्खननात मिळालेली वस्तू, जुनी वास्तू किंवा जमिनीचे थर खाद्यपदार्थांतून अथवा माती, कागद, धाग्यांतून घडवण्याची स्पर्धा. पाश्चात्त्य देशांत अशा स्पर्धांना एक सोयीचं निमित्त म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी येणारा पुरातत्त्व दिन. अमेरिकेत तो २०११ पासून साजरा होतो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारणाऱ्या मराठी मुलांना यातली हस्तकला नवी नाही.

गोव्यात या स्पर्धेसाठी सगळ्यात जवळचा पदार्थ म्हणजे बिबिंक. नारळाचा रस, अंड्यांतला पिवळा बलक, साखर, मैदा आणि तूप यांचं मिश्रण थराथरानं भाजतात. एक थर वरच्या आचेवर खरपूस झाला की त्यावर तूप सोडून पुढचा ओतायचा. पूर्वी ही आच झाकणावर ठेवलेल्या नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यांची असे. कापलेल्या फोडीत तपकिरी रेषा दिसतात, अगदी उत्खननाच्या खड्ड्याच्या भिंतीसारख्या. खालचा थर जुना, वरचा नवा, हा पुरातत्त्वाचा पहिला धडा. मात्र बिबिंक ताटात उपडं केलं की सगळ्यात आधी भाजलेला थर वर येतो. माती उलथली गेली की कालक्रम कसा फसवतो, हे मुलांना समजावायला याहून सोपं साधन मला माहीत नाही.

सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी, उसगाळीमळ येथे जांभ्यावर बैल, माणसं आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळाकार आकृती कोरलेली आहे. ही कोरीव चित्रं १९९३ मध्ये अभ्यासकांसमोर आली. नाचणीच्या केकचा रंग जांभ्याच्या जवळ जातो. पण रेघा क्रीमनं वर काढल्या तर नक्कल चुकली. त्या दगडात खोल गेलेल्या आहेत, म्हणून केकमध्येही कोरूनच काढायला हव्यात. तांबडी सुर्लचं कदंबकालीन महादेव मंदिर बेसॉल्टचं आहे आणि त्याचे चिरे चुन्याशिवाय बसवलेले आहेत. देऊळ सुरीनं कापणं अनेकांना रुचणार नाही, तेव्हा ते चिकणमातीतच करावं, आणि तेही गोंद न लावता, एकावर एक चिरे रचून.

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीन चर्चच्या भग्नावशेषांमध्ये जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी मिळाल्या. तिला संत मानतात. अशा अस्थींचा केक करू नये. त्या चर्चचा जांभ्याचा उंच मनोरा मात्र जरूर करावा.

परीक्षणात सजावटीपेक्षा निरीक्षणाला जास्त गुण असावेत. लहान मुलांसाठी चॉकलेटचे तुकडे घातलेलं बिस्किट पुरतं. आधी कागदावर बिस्किटाचा आकार काढून चौकटी आखायच्या, मग टूथपिकनं एकेक तुकडा सोडवायचा आणि तो कुठल्या चौकटीत मिळाला ते लिहायचं. लिहून झालं की खायचं.