टेक्स्ट एडिटरमधील खुणा

टेक्स्ट एडिटरमध्ये फाइलमधली एखादी जागा नोंदवून ठेवायची आणि नंतर कर्सर थेट तिथे न्यायचा, या सोयीला खूण, मार्क किंवा बुकमार्क म्हणतात. प्रोग्रॅम लिहिताना मधेच वर जाऊन एखाद्या फंक्शनची व्याख्या पाहावी लागते. ती सापडते लगेच, पण मूळ ओळीवर परत येताना स्क्रोल करत शोधावे लागले की डोक्यातला विचार निसटतो. म्हणून खुणांच्या सोयीत जाण्यापेक्षा परतण्याला जास्त महत्त्व आहे.

ही कल्पना जुनी आहे. १९७८ साली आलेल्या वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-के आणि मग ० ते ९ पैकी एक अंक दाबला की खूण होई. कंट्रोल-क्यू आणि तोच अंक दाबला की कर्सर तिथे पोहोचे. बिल जॉय यांच्या व्हीआय या एडिटरने अंकांऐवजी अक्षरे घेतली आणि १९९१ मध्ये आलेल्या व्हिमने ती पद्धत बरीच पुढे नेली.

व्हिममध्ये ‘एम’ आणि मग ‘ए’ दाबले की कर्सरच्या जागी ‘ए’ नावाची खूण होते. अपॉस्ट्रॉफी आणि ‘ए’ दाबल्यास त्या ओळीच्या सुरुवातीच्या अक्षरावर, तर बॅकटिक (`) आणि ‘ए’ दाबल्यास नेमक्या त्याच अक्षरावर परतता येते. लहान लिपीतल्या अक्षरांच्या खुणा त्या त्या फाइलपुरत्या असतात. मोठ्या लिपीतल्या खुणा फाइलसुद्धा लक्षात ठेवतात आणि एडिटर बंद करून उघडल्यावरही टिकू शकतात. बॅकटिक दोनदा दाबला की शेवटच्या उडीपूर्वीची जागा मिळते, पुन्हा दोनदा दाबला की उलट. बॅकटिक आणि पूर्णविराम ही जोडी शेवटचा बदल जिथे केला तिथे नेते. एवढ्या दोनच जोड्या हाताला बसल्या तरी रोजच्या कामात मोठा फरक पडतो.

या शेवटच्या दोन खुणा वापरणाऱ्याने केलेल्या नाहीत, एडिटरने आपणहून ठेवल्या आहेत. व्हिम प्रत्येक खिडकीसाठी १०० पर्यंत उड्यांची यादी ठेवतो. कंट्रोल-ओने मागे आणि कंट्रोल-आयने पुढे जाता येते. प्रत्येक हालचाल मात्र उडी ठरत नाही. शोध घेणे किंवा फाइलच्या शेवटी जाणे ही उडी. एकेक ओळ खाली सरकणे ही नव्हे. ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे, कारण सगळेच नोंदवले असते तर यादी निरुपयोगी झाली असती. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये हेच काम मार्क-रिंग ही खुणांची गोल फिरणारी यादी करते. तिच्यात मुळात १६ जागा मावतात, आणि सोळावीनंतर पुन्हा पहिली येते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये शिफ्ट-एफ५ दाबून अलीकडे बदल केलेल्या जागांवर जाता येते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्येही मागे-पुढे जाण्याच्या कळा आहेत.

खरा पेच आहे तो मजकूर बदलतो तेव्हा. खूण म्हणून ‘ओळ ४०’ एवढेच लिहून ठेवले आणि वर तीन ओळी वाढल्या, तर खूण भलत्याच ओळीवर पडेल. त्यामुळे फाइल उघडी असताना चांगले एडिटर प्रत्येक बदलाबरोबर खुणाही सरकवतात. व्हिम ओळींचा हिशेब सांभाळतो, पण त्याच ओळीत खुणेच्या आधी अक्षरे घातली तर खुणेचा स्तंभ, म्हणजे ओळीतली तिची जागा, सरकत नाही. ईमॅक्सची खूण अक्षरागणिक सरकते. खूण असलेली ओळच पुसली तर व्हिममधली लहान लिपीतली खूणही जाते; बदल मागे घेतला की ती परत येते.

फाइल बंद असताना दुसऱ्याच प्रोग्रॅमने ती बदलली, तर सरकवायला कोणी नसते. ईमॅक्सचे बुकमार्क यावर सुरेख उपाय करतात. ते जागेच्या क्रमांकासोबत तिच्या आगेमागचा थोडा मजकूरही साठवतात. परतताना आधी नोंदलेल्या क्रमांकावर जायचे आणि तिथून तो मजकूर शोधायचा. मजकूर सापडला तर कर्सर तिथे ठेवला जातो. नाहीच सापडला तर तो त्या क्रमांकावरच राहतो, आणि पुढचा शोध वापरणाऱ्याने घ्यायचा.