शिकारीचा पोशाख : बदलत्या हवामानातील निवड

शिकारीसाठी रानात, डोंगरावर किंवा पाणथळ जागी जाणाऱ्या माणसाचे ऊन, वारा, पाऊस व थंडी यांपासून रक्षण करणारा, आणि त्याचबरोबर सावजाला त्याचा सुगावा लागू न देणारा पोशाख म्हणजे शिकारीचा पोशाख होय. पहाटे गोठवणारी थंडी, दुपारी ऊन आणि संध्याकाळी पावसाची सर असे एकाच दिवसात घडू शकते. शिवाय उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सियसने उतरत असल्यामुळे पायथ्याशी पुरेसा वाटलेला सदरा कड्यावर अपुरा पडतो.

मात्र शिकाऱ्याला थंडीपेक्षा घाम अधिक दगा देतो. मागावर चढण चढताना अंग तापते, कपडे आतून भिजतात. पुढे टपून बसायची वेळ आली की स्नायूंची ऊब थांबते, पण ओल तशीच राहते. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. घाम वाळायलाही उष्णता लागते आणि ती शरीरातूनच जाते. शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की अल्पोष्णतेची अवस्था सुरू होते. हात थरथरतात, निर्णयशक्ती मंदावते, आणि हातात शस्त्र असताना ही दोन्ही लक्षणे घातक ठरतात. ही अवस्था येण्यासाठी हिमवर्षावच व्हावा लागतो असे नाही. पाऊस आणि वारा असला, तर शून्याच्या बऱ्याच वर असलेल्या तापमानातही ती येते. म्हणून निघताना अंगाला किंचित गारवा जाणवेल इतकेच कपडे घालून जाड कपडा पाठीवरच्या पिशवीत ठेवणे, आणि बसण्याच्या जागी पोहोचल्यावर अंग निवण्याआधीच तो चढवणे, ही अनुभवी शिकाऱ्यांची रीत आहे. नवखा माणूस बहुधा याच्या उलट करतो.

या रीतीमागे थरांचे तत्त्व आहे. अंगालगतचा थर घाम टिपून बाहेर ढकलतो, मधला थर हवा कोंडून ऊब राखतो आणि बाहेरचा थर वारा-पाऊस अडवतो. अंगालगत सुती कपडा नको, कारण कापूस पाणी धरून ठेवतो आणि सावकाश वाळतो. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा तंतूंत सामावूनही हाताला फारशी ओली लागत नाही, आणि तिला घामाचा वासही उशिरा येतो. पॉलिस्टर लवकर वाळते, पण वास धरते. मधल्या थरासाठी पक्ष्यांची मऊ पिसे वजनाच्या मानाने सर्वाधिक उबदार असतात. मात्र भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब संपते. त्यामुळे दमट, पावसाळी हवेत लोकर किंवा कृत्रिम तंतूंचे भरण अधिक भरवशाचे असते.

बाहेरच्या थराचा पेच जुना आहे : पाणी आत येऊ नये, पण घामाची वाफ बाहेर जावी. १९६९ साली अमेरिकेत संशोधक रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉन या प्लॅस्टिकची तापवलेली कांडी हळूहळू न ताणता एकदम हिसक्याने ओढली, तेव्हा ती न तुटता कित्येक पट लांबली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण झाली. या छिद्रांतून वाफ जाते, थेंब जात नाही. अशा सच्छिद्र टेफ्लॉनचे पातळ पटल लावलेले जलरोधक कपडे आज सर्वत्र मिळतात, पण त्यांची मर्यादा विक्रेते क्वचितच सांगतात. बाहेरची हवा दमट असली किंवा वरचे कापड भिजून चिंब झाले, की वाफेची वाट जवळजवळ बंद होते. शिवाय हे कापड चालताना सळसळते. कोरड्या, निवांत सकाळी ती सळसळ हरणाला दुरून ऐकू जाते. त्या वेळी दाट विणीचा लोकरी कोट सरस ठरतो. आल्प्स पर्वतातील शिकाऱ्यांचे ‘लोडेन’ हे कुटून घट्ट केलेले लोकरी कापड आजही याच गुणामुळे टिकून आहे.

आर्क्टिक प्रदेशातील इनुइट शिकाऱ्यांनी ऊब आणि घाम यांचा हाच प्रश्न कॅरिबूच्या (उत्तर अमेरिकेतील रेनडिअरच्या) कातड्याने सोडवला. आतल्या अंगरख्याचे केस अंगाकडे आणि बाहेरच्याचे केस बाहेर, असे दोन अंगरखे ते घालत. कॅरिबूच्या केसांत हवा कोंडलेली असल्याने हा पोशाख हलका असूनही अतिशय उबदार होई. फार गरम होऊ लागले की बाहेरचा अंगरखा उतरवला जाई. थरांचे तत्त्व आधुनिक असल्याची समजूत यामुळे सहज खोटी ठरते.

रंगाची निवड हवामानाइतकीच सावजावरही अवलंबून असते. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असल्याने झगझगीत नारिंगी रंग त्यांना पाचोळ्यापासून फारसा वेगळा दिसत नाही. माणसाला मात्र तो धुक्यातही उठून दिसतो. म्हणूनच अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ठरावीक हंगामांत तो सक्तीचा आहे. पावसासाठी वरून कोट चढवताना नारिंगी जाकीट त्याखाली झाकले जाणे ही नेहमीची चूक होय. हरणांना निळा रंग चांगला दिसतो, आणि शुभ्रता वाढवणाऱ्या द्रव्यांमुळे कापडावर निळसर चमक येते; त्यामुळे अशा द्रव्यांची धुलाई पावडर या कपड्यांना वापरत नाहीत. बदकांची रंगदृष्टी तीक्ष्ण असल्याने त्यांच्या शिकारीत नारिंगी उपयोगाचा नाही.

हातापायांकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते, पण शिकार अर्धवट सोडून परतावे लागते ते बहुधा त्यांच्यामुळेच. दोन जाड पायमोजे घालून बूट आवळला, तर रक्ताभिसरण मंदावून पाय उलट अधिक गारठतात; बोटे बुटात मोकळी हलली पाहिजेत. कोरड्या पायमोज्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत असावा, आणि चढण संपवून बसण्यापूर्वी ओले मोजे बदलावेत.