घाटातलं भूत आणि ब्रेक ऑईलमधलं पाणी

प्रत्येक घाटात एक तरी वळण असं असतंच जिथे म्हणे "काहीतरी आहे". गाडी चांगली चाललेली असते, त्या वळणावर पेडल दाबलं तर सरळ खाली, ब्रेकच नाही, कशीबशी हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या बाजूला घातली, आणि अर्ध्या तासाने मेकॅनिक आला तर ब्रेक एकदम टकाटक. त्याला काही सापडत नाही, मग कोणाला तरी पांढऱ्या साडीतली बाई आठवते आणि गोष्ट तयार. मला या गोष्टी जाम आवडतात, कारण "अर्ध्या तासाने ब्रेक परत आले" हा त्यातला तपशील बरेचदा अगदी खरा असतो. फक्त त्याचं कारण वळणावर नसून चाकाशी असलेल्या चमचाभर द्रवात असतं. (ट्रक आणि एसटीला एअर ब्रेक असतात, त्यांची भानगड वेगळी. मी आपल्या कारबद्दल बोलतोय.)

पास्कलचा नियम शाळेत झालाय सगळ्यांचा: बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. पेडलची तरफ पायाचा जोर साधारण चौपट करते, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर तो अजून वाढवतो, आणि पेडल ज्याला ढकलतं त्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या समजा २० मिलिमीटरचा आणि चाकाच्या चकतीवर (डिस्कवर) पॅड आवळणाऱ्या पुढच्या कॅलिपरचा ५४ चा असेल तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने आणखी सातपट. जोरात ब्रेक मारला की लाईनमध्ये हवेच्या दाबाच्या शंभरपट दाब सहज येतो. पण फुकट काही मिळत नाही, जोर वाढला तेवढं अंतर कमी होतं. मास्टरचा दट्ट्या पूर्ण आत गेला तरी जेमतेम तीन सेंटिमीटर, म्हणजे नऊ-दहा मिलिलीटर ऑईल ढकललं जातं. संपलं. एवढ्याच भांडवलावर चारही चाकं थांबवायचीत.

आता एक सिरिंज घ्या, पाणी भरा, तोंड बोटाने बंद करून दाबा. हलणार नाही. मग त्यात थोडी हवा घेऊन दाबा. ब्रेक स्पंजी होतो म्हणजे हेच होतं. द्रव शंभरपट दाबाखाली अर्धा टक्कासुद्धा मुश्किलीने आकसतो, पण १ मिलिलीटर हवा त्याच दाबाखाली जवळजवळ नाहीशी होते. मास्टरमध्ये ती जागा भरायला दट्ट्याला तीन मिलिमीटर जास्त जावं लागतं, आणि पेडलच्या चौपटीने पायाखाली सव्वा सेंटिमीटर. एका मिलिलीटरला सव्वा सेंटिमीटर! सात-आठ मिलिलीटर झाली की पेडल फ्लोअरला.

बरं, सील धड आहेत, लीक नाही, मग बंद लाईनमध्ये एवढा गॅस घाटातच कुठून येतो? उकळून. आपण ज्याला ब्रेक ऑईल म्हणतो ते ग्लायकॉल जातीचं रसायन असतं आणि त्याला पाण्याची भयंकर ओढ. रबरी होजच्या भिंतीतून, टाकीच्या झाकणातून हवेतली वाफ हळूहळू आत मुरते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. डॉट ३ (हा ऑईलचा दर्जा, बाटलीवर लिहिलेला असतो) कोरं असताना कमीत कमी २०५ डिग्रीला उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरलं की १४०. डॉट ४ चं तेच २३० वरून १५५. बाटलीवर मोठ्या अक्षरात कोरा आकडा असतो, पण दोन वर्षं जुन्या ऑईलवर आपण गाडी चालवतो ती दुसऱ्या आकड्याच्या भरवशावर.

मग पाणी न पिणारं ऑईल का नाही वापरत? आहे की, सिलिकॉनचं, डॉट ५. पण आत आलेलं पाणी त्यात विरघळत नाही, थेंब होऊन सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये जाऊन बसतं आणि तिथे १०० डिग्रीलाच उकळतं. वर हवा जास्त धरून ठेवतं म्हणून एबीएसला (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालत नाही. पाणी पिणं ही ग्लायकॉलची खोड आहे तशी सोयही आहे.

आता उष्णता. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. माणसं-सामान धरून १३०० किलोची गाडी, तर स्थितिज ऊर्जा झाली ७० लाख जूल. ८० च्या स्पीडवरून एकदा कचकन थांबायला लागतात सव्वातीन लाख. म्हणजे एका घाटात असे एकवीस-बावीस ब्रेक. ही सगळी ऊर्जा पुढच्या दोन बिडाच्या डिस्कमध्ये, धरा दहा किलो, भरली आणि बाहेर काहीच गेली नाही तर हिशेबाने तापमान दीड हजार डिग्री वाढतं, आणि बीड त्याच्या आधीच वितळतं. तसं होत नाही कारण वारा, टायर आणि गिअरमध्ये असलेलं इंजिन बरीचशी ऊर्जा खातात. "ज्या गिअरला घाट चढलास त्याच गिअरला उतर" हे जुने ड्रायव्हर सांगतात ते याचसाठी. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे महाभाग बूस्टरचा व्हॅक्यूमपण घालवतात, दोन-तीन दाबात पेडल दगड होतं. बरं हल्लीच्या इंजेक्शनवाल्या गाड्या गिअरमध्ये उतारावर इंधन आपोआप तोडतात, म्हणजे वाचतही काही नाही.

गंमत म्हणजे उकळी बरेचदा गाडी थांबवल्यावर फुटते. खोपोलीला वडापाव खायला थांबलात, वारा बंद झाला, तापलेल्या डिस्कची उष्णता पॅडमधून सावकाश कॅलिपरमध्ये उतरते, आणि पाय उचललेला असल्यामुळे लाईनमध्ये दाबही नाही. निघताना पेडल खाली. अजून थोडं थांबलात तर वाफेचं परत पाणी, ब्रेक जागेवर, पुरावा नष्ट. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळात नारळ जरूर फोडा, पण ऑईल कधी बदललंय तेही आठवा.

आता ब्रेक अपग्रेड. लाल रंगवलेले कॅलिपर, भोकं पाडलेल्या डिस्क. माझं मत सरळ आहे: जोरात दाबल्यावर एबीएस थरथरत असेल तर तुमचे ब्रेक टायरपेक्षा आधीच ताकदवान आहेत, गाडी कमी अंतरात थांबवायची असेल तर पैसे टायरवर घाला. मोठी डिस्क उष्णता जास्त साठवते, घाटात तिचा फायदा खरा आहे, पण मोठ्या दट्ट्याचा कॅलिपर जास्त ऑईल मागतो आणि आपलं भांडवल तेच नऊ-दहा मिलिलीटर. शिवाय नुसते पुढचेच वाढवले की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जातो. त्यापेक्षा ताजं डॉट ४ हे सगळ्यात स्वस्त अपग्रेड.

ऑईल बदलून लाईनमधली हवा काढणं, म्हणजे ब्लीडिंग, घरी करता येतं, पण पहिल्यांदा जाणकार माणूस शेजारी असू द्या. गाडी सपाट जागी, जॅकच्या भरवशावर नाही तर स्टँडवर. टाकीतलं काळपट ऑईल, कोऱ्या चहासारखं दिसतं ते, ओढून काढा आणि नवीन भरा, सील न फोडलेल्या बाटलीतलंच. कॅलिपरवरच्या निपलवर (ऑईल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) रिंग पाना, मग पारदर्शक नळी, तिचं टोक थोडं ऑईल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. एक जण आत बसतो. "दाब... धरून ठेव", पाना पाव फेरा, नळीतून काळं ऑईल आणि बुडबुडे, पेडल खाली जातं, पाना बंद, मगच "सोड". हा क्रम उलटा झाला तर हवा आत ओढली जाते. आपल्याकडे सहसा मागचं डावं चाक आधी, कारण मास्टरपासून ते सगळ्यात लांब, पण काही गाड्यांत तिरक्या जोड्या असतात, मॅन्युअल बघा. टाकी रिकामी होऊ देऊ नका, एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कारण जुना मास्टर कधी न गेलेल्या गंजक्या भागापर्यंत गेला की सील फाटतात. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग निघतो. कॅलिपर डावा-उजवा अदलाबदल करून बसवला असेल तर निपल खाली येतं आणि हवा तर वर जाते, दिवसभर पंप केलं तरी निघणार नाही.

झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पंप करा, दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडंसं खाली जाऊन थांबलं तर बूस्टर ठीक. न थांबता हळूहळू उतरतच राहिलं आणि बाहेर कुठे ओलही दिसत नसेल तर मास्टरचे सील गेलेत, ते ब्लीडिंगने सुटत नाही. गाडी रस्त्यावर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.