प्रोटिस्टा

प्रोटिस्टा : दृश्यकेंद्रकी (पटलाने वेढलेले केंद्रक असलेल्या) पेशींचे, परंतु प्राणी, वनस्पती व कवक यांपैकी कोणत्याही गटात न बसणारे सजीव. अमीबा, पॅरामीशियम, युग्लीना, डायाटम (कठीण कवचाचे सूक्ष्म शैवल) व हिवतापाचा परजीवी प्लाझ्मोडियम ही परिचित उदाहरणे होत. बहुतेक जाती एकपेशीय व सूक्ष्म आहेत. तथापि केल्प या तपकिरी शैवलाची लांबी ३० मी.हून अधिक भरते, त्यामुळे केवळ आकारमानावरून हा गट ठरविता येत नाही. हालचाल छद्मपाद (पेशीतून निघणारे तात्पुरते, पायासारखे फुगवटे), कशाभिका (चाबकासारखे लांब तंतू) किंवा पक्ष्माभिका (केसांसारखे आखूड तंतू) यांच्या साहाय्याने होते. युग्लीना प्रकाशात स्वतःचे अन्न तयार करते व अंधारात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगते.

हा गट प्रथम कोणी मांडला याबद्दल मतभेद आहेत. जॉन हॉग यांनी १८६० मध्ये अशा सजीवांसाठी ‘प्रोटोक्टिस्टा’ हे नाव सुचविले. एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये ‘प्रोटिस्टा’ ही स्वतंत्र सृष्टी (सजीवांच्या वर्गीकरणातील मुख्य विभाग) मांडली. अग्रक्रम हॉग यांचा असला, तरी गटांची तपशीलवार मांडणी हेकेल यांची आहे, म्हणून हेकेल यांनी दिलेले नाव रूढ झाले असावे. हेकेल यांच्या मूळ यादीत जीवाणूंसारखे केंद्रकहीन सजीव, स्पंज आणि नॉक्टिल्यूका हा समुद्रातील एकपेशीय सजीव हेही होते. जुहूच्या किनाऱ्यावर कधीकधी रात्री लाटा निळसर चमकतात त्या या नॉक्टिल्यूकामुळे. केंद्रकहीन सजीव हर्बर्ट कोपलंड यांनी १९३८ मध्ये वेगळे काढले. रॉबर्ट व्हिटेकर यांच्या १९६९ च्या पंचसृष्टी पद्धतीत प्रोटिस्टा मुख्यतः एकपेशीय सजीवांपुरती राहिली. लिन मार्ग्युलिस यांनी मात्र बहुपेशीय शैवलेही तीत घेतली.

महाराष्ट्रातील शालेय अभ्यासक्रमात पंचसृष्टी पद्धत शिकविली जाते व पहिल्या ओळखीला ती पुरेशी आहे. मात्र जनुकक्रमांच्या तुलनेतून दिसते, की प्राणी, वनस्पती व कवक या तिन्ही शाखा प्रोटिस्टांमधूनच निरनिराळ्या ठिकाणी फुटल्या. काही प्रोटिस्ट इतर प्रोटिस्टांपेक्षा प्राण्यांना अधिक जवळचे आहेत. कोॲनोफ्लॅजेलेट हे कशाभिका असलेले एकपेशीय सजीव त्याचे ठळक उदाहरण. एका पूर्वजाचे सर्व वंशज सामावणारा हा गट नसल्याने त्यास सृष्टी न मानता वर्णनापुरते नाव मानणे अधिक ग्राह्य वाटते. २००५ मध्ये दृश्यकेंद्रकी सजीवांची विभागणी सहा महागटांत करण्यात आली. पुढे त्यांतील काही महागट मोडून नव्याने रचले गेले.

वर्गीकरणाच्या दृष्टीने प्लाझ्मोडियम विशेष उद्‌बोधक आहे. प्रकाशसंश्लेषण न करणाऱ्या या परजीवीत चार पटलांचे एक लवक (वनस्पती व शैवलांत प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशीघटकाच्या जातीचे अंगक) असते. त्याच्या पूर्वजाने लाल शैवलाशी संबंधित पेशी गिळली, तिचा हा अवशेष होय. हे लवक निकामी झाल्यास परजीवी तगत नाही, म्हणून औषधसंशोधनात त्यास महत्त्व आहे. डायाटमांतील लवकाचे मूळही लाल शैवलातच आहे. मात्र ते दोन्ही गटांत एकाच घटनेतून आले की स्वतंत्रपणे, हा वाद मिटलेला नाही.

अल्फाँस लाव्हरां यांनी १८८० मध्ये अल्जीरियात हिवतापाचा हा परजीवी पाहिला. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित हेन्‍री व्हॅन्डाइक कार्टर यांनी १८८७ च्या सुमारास रुग्णांच्या रक्तात तो ओळखला. शहरातील विहिरींमध्ये वाढणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्साय हा डास त्याचा वाहक असल्याचे चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या अहवालात दाखविले आहे.