चरबीचा पीळ होत नाही

"आधी खाऊन अंग धर, मग मेहनतीनं त्या चरबीचाच पीळ करू." सांगलीच्या तालमीत हे हमखास ऐकायला मिळतं. उलटंही सांगतात, तालीम सुटली की पिळाची चरबी होते म्हणे. दोन्ही खोटं. चरबीच्या पेशी वेगळ्या, स्नायूंच्या वेगळ्या; एकीची दुसरी होत नाही. जुन्या पैलवानाचं पोट सुटतं, कारण जोर-बैठका थांबतात आणि ताट मात्र तेवढंच राहतं.

नवख्याला चरबी घटवणं आणि स्नायू वाढवणं एकदमच जमतं. रोजचं खाणं गरजेपेक्षा 300-400 कॅलरींनीच कमी, आठवड्यातून तीनदा वजनं उचलायची, तीही हळूहळू वाढवत, आणि अंगाच्या दर किलो वजनामागे रोज साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) 70 किलोच्या माणसाला झाले 112 ग्रॅम. आपलं घोडं इथंच अडतं. एका अंड्यात जेमतेम 6 ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत 7-8, पण सोबत 170 कॅलरी. भडंग तर या हिशोबात धरूच नका, ते बहुतेक चुरमुरेच.

महिनाभर वजनकाटा जागचा हलणार नाही कदाचित. पँटचा पट्टा एक भोक आत गेला का, ते बघा.