सेइचो मात्सुमोतो

सेइचो मात्सुमोतो (१९०९–१९९२) हा जपानचा प्रचंड खपणारा रहस्यकथाकार. खून कोणी केला यापेक्षा का केला, यात त्याला जास्त रस. जपानीत अशा लिखाणाला 'शाकाइ-हा' म्हणतात, म्हणजे सामाजिक वळणाची रहस्यकथा, आणि ती लोकप्रिय केली ती मुख्यतः यानेच.

क्युशू बेटावरच्या कोकुरात गरिबीत वाढला, शाळा लवकर सुटली. आधी एका कंपनीत पोऱ्या, मग छापखान्यात उमेदवारी, पुढे आसाही शिंबुन पेपरच्या जाहिरात खात्यात डिझाइनचं काम, मधे युद्धात सैन्यात भरती होऊन कोरियात, असं सगळं करून चाळिशीत पहिली कथा छापून आली. नंतरच्या एका कथेचं नाव लोकप्रिय साहित्याच्या नाओकी पुरस्कारासाठी होतं, तिथून ती 'गंभीर' साहित्याच्या अकुतागावा पुरस्काराकडे पाठवली गेली आणि १९५३ मध्ये तिला तो मिळालाही!

खरा धमाका 'तेन तो सेन' (बिंदू आणि रेषा, १९५८) या कादंबरीने केला. प्रवासविषयक मासिकात क्रमशः आली, त्यामुळे रेल्वेचं टाइमटेबल हेच तिचं हत्यार. काशीच्या (आपली नव्हे, फुकुओकाजवळची काशी) किनाऱ्यावर एक जोडपं मेलेलं सापडतं, सगळे म्हणतात प्रेमी युगुलाची आत्महत्या, पण मेलेल्या माणसाच्या खिशात डायनिंग कारचं बिल निघतं आणि त्यावर 'एक व्यक्ती' लिहिलेलं. दोघं शेवटच्या प्रवासाला निघालेत आणि हा एकटाच जेवला? तिथून एका मुरलेल्या डिटेक्टिव्हला खटकायला लागतं. टोकियो स्टेशनवर १३ नंबर फलाटावरून १५ नंबरवरची गाडी दिवसात फक्त चार मिनिटं दिसते, ही गोष्टही याच कादंबरीतली. त्याच वर्षी सिनेमा आला.

सिनेमाच्या बाबतीत मात्र नाव घ्यायचं ते योशितारो नोमुरा या दिग्दर्शकाचं, याने मात्सुमोतोच्या कथांवर तब्बल आठ सिनेमे केले. 'हारिकोमी' (पाळत, १९५८) मध्ये दोन पोलीस गच्च भरलेल्या गाडीत योकोहामाहून पार क्युशूतल्या सागापर्यंत घाम पुसत जातात आणि तेवढ्यानेच माणूस पडद्याला चिकटून बसतो. 'सुना नो उत्सुवा' (वाळूचं भांडं) ही १९६१ ची कादंबरी, सिनेमा १९७४ चा. एक खून होतो, बारमध्ये कुणीतरी ऐकलेला 'कामेदा' हा शब्द एवढाच धागा, बोलण्याची ढब ईशान्येकडच्या तोहोकूची, म्हणून पोलीस आकितातल्या कामेदाला जातात आणि रिकाम्या हाताने परततात, मग भाषातज्ज्ञ सांगतात की अशीच बोली पार दुसऱ्या टोकाला, पश्चिमेच्या इझुमोकडेही आहे. तिथे कामेदाके नावाचं गाव निघतं. (पुढे वाचू नका, सिनेमा बघायचा असेल तर.) मुळाशी आहे कुष्ठरोग झालेला बाप आणि त्याच्यासोबत गावोगाव भीक मागत हिंडणारा पोरगा. हा पोरगा मोठेपणी संगीतकार होतो, कादंबरीत तो प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीतवाला आहे आणि ध्वनिलहरींनी खून वगैरे भानगड आहे, सिनेमाने ती सरळ काढून टाकली आणि त्याला पियानोवर बसवलं, बरंच झालं! शेवटी एकीकडे मैफल, एकीकडे पोलिसांची मीटिंग आणि मधे बर्फातून चालणारे बाप-लेक, फार थोडे संवाद, नुसतं संगीत.

१९९८ मध्ये कोकुरात त्याचं संग्रहालय उघडलं. टोकियोतल्या घरातली लिहायची खोली आणि पुस्तकांची कपाटं तिथे जशीच्या तशी मांडलीत.