मेलिपोनाची अळी स्वतःच ठरवते, राणी व्हायचं की कामकरी

रॉयल जेली, म्हणजे दाई माश्यांच्या ग्रंथींतला स्राव, खाऊन साध्या अळीची राणी होते, मग तुम्हीही खा आणि तरुण राहा, अशा कॅप्सूलच्या जाहिराती परत फिरायला लागल्यात म्हणून हे लिहायला घेतलं. माणूस ती खाऊन तरुण राहतो याला पुरावा नाही, ते सोडूनच द्या. पण राणी खाण्यावरून ठरते हा पहिला भागसुद्धा सगळ्या मधमाश्यांना सरसकट लागू होत नाही, आणि मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

डंख नसलेल्या मधमाश्यांच्या जगभरात पाचशेहून जास्त जाती आहेत, सगळ्या उष्ण प्रदेशातल्या. आपल्याकडच्या पोयाच्या माश्या त्यातल्याच. जुन्या भिंतीच्या फटीत नाहीतर झाडाच्या ढोलीत राहतात, बाहेर मेण आणि राळेची छोटी नळी काढलेली असते. मध आपल्याकडच्या सातेरी या पाळीव मधमाशीसारखा षटकोनी घरांत नाही, बारक्या गोल कुप्यांत साठवतात. डंख अगदी नावापुरता उरलाय, टोचत नाही, पण चावतात मात्र आणि केसांत घुसून हैराण करतात.

पण मला वेड लावलंय ते मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंत सापडणाऱ्या मेलिपोना या त्यांच्या नातलगांनी. माया लोक यातली एक जात स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून पोकळ ओंडक्यांत पाळायचे.

आता सातेरीत काय होतं बघा. राणी अंडं घालते, अळी बाहेर येते, आणि मग दाई माश्या तिला येऊनजाऊन भरवत राहतात. राणी करायची तर मोठी वेगळी कोठडी आणि भरपूर जेली, म्हणजे निर्णय भरवणारीच्या हातात. मेलिपोनात सगळं उलट आहे. कामकरी माश्या आधी कोठडीत पराग, मध आणि ग्रंथींतला स्राव असा पूर्ण शिधा भरतात, त्यावर राणी अंडं घालते आणि लगेच झाकण बंद. अळी आत एकटीच खाऊन वाढते. त्यात सगळ्या कोठड्या एकाच मापाच्या आणि नवी राणी कामकरीपेक्षा मोठीही नसते, म्हणजे तेवढ्याच शिध्यात कुणीही राणी होऊ शकते आणि बाहेरून कुणाला कळतही नाही.

मग होतं असं की मादी अळ्यांतल्या कधीकधी पाचात एक, क्वचित चारात एक राणी होऊन बाहेर येते. गरज असते जुनी राणी मेली तर किंवा नवीन वसाहत करायची असेल तर एखादीची. उरलेल्यांना कामकरी माश्या चावून मारून टाकतात. वॉरविक केर या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९५० मध्ये मांडलं की हे दोन जनुकांवर ठरतं, दोन्ही जनुकांच्या जोड्या मिश्र, म्हणजे जोडीतल्या दोन प्रती वेगळ्या, असतील तर राणी, आणि हिशेबाने ते २५ टक्के येतं.

पण एवढी नासाडी उत्क्रांतीत टिकली कशी? २००४ मध्ये वेन्सेलीर्स आणि रॅटनिक्स या संशोधकांनी जे दाखवलं ते मला भयंकर आवडतं, जरा लक्ष देऊन वाचा. नर बिनफलित अंड्यातून येतो, त्याच्याकडे जनुकांचा एकच संच. मेलिपोनाची राणी एकाच नराशी मीलन करते, म्हणून सख्ख्या बहिणी ७५ टक्के सारख्या, भाऊ मात्र २५ टक्केच. आता अळीने राणी व्हायचा जुगार खेळला की वसाहतीत एक कामकरी कमी, म्हणजे पुढे कमी नर वाढणार. ते नर राणीचे मुलगे असतील तर ते अळीचे भाऊ, तिचं नुकसान थोडं. पण काही जातींत बरेचसे नर कामकरी माश्यांचे मुलगे असतात, म्हणजे अळीचे भाचे, आणि बहिणीचा मुलगा (७५ चा अर्धा, म्हणजे साडेसदतीस टक्के) भावापेक्षा जवळचा! तिथे हाव महाग पडते, म्हणून तिथे राण्या कमी व्हायला हव्यात. मोजलं तर खरंच कमी निघाल्या.

अर्थात वाद मिटलेला नाही. २०१० मध्ये एका मेलिपोना जातीत दाई माश्यांच्या ग्रंथीत जिरॅनिऑल हे रसायन सापडलं, गुलाबाच्या वासात असतं तेच, आणि अळ्यांच्या अन्नात ते घातल्यावर जास्त अळ्या राण्या झाल्या. म्हणजे झाकण लावायच्या आधी कामकरी माश्यांचाही यात थोडा हात असावा. पोयाच्या जवळच्या नात्यातल्या माश्यांत तर राणीची कोठडी मोठीच असते, शिधा जास्त, त्यामुळे राण्या मोजक्याच होतात आणि हा सगळा गोंधळ नाही.

आणि मेलिपोनाच्या सगळ्याच जादा राण्या मरत नाहीत. ब्राझीलच्या एका जातीत काही जणी उडून जातात, जिथली राणी मेलीय अशी परकी वसाहत शोधतात आणि संध्याकाळी दारावरचा पहारा ढिला झाला की आत शिरतात. डीएनए तपासल्यावर कळलं की अशा काही वसाहतींत गादीवर बसलेली राणी त्या घराची लेकच नव्हती.